श्रवणसाधन आणि श्रवणाचा अधिकार : स्वतंत्र म्युझिक प्लेअर व स्मार्टफोन यांच्यातील निवडीची चिकित्सा

सारांश

संगीत ऐकण्यासाठी स्वतंत्र म्युझिक प्लेअर घ्यावा की हातातला स्मार्टफोनच पुरेसा आहे, हा प्रश्न सामान्यतः ध्वनिगुणवत्ता आणि किंमत या दोन निकषांवर सोडवला जातो. हे दोन्ही निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हिंदुस्थानी रागसंगीताच्या श्रवणाचे उदाहरण समोर ठेवून ध्वनिगुणवत्ता, अवधान, वर्गीकरण आणि मालकी या चार अंगांनी दोन्ही साधनांची येथे चिकित्सा केली आहे. काय ऐकावे, कोणत्या क्रमाने ऐकावे, त्याला कोणते नाव द्यावे आणि ते किती काळ जवळ ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हाच या निवडीतील निर्णायक प्रश्न होय, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

बीजशब्द : श्रवण, अवधान, रागसंगीत, म्युझिक प्लेअर, स्मार्टफोन, वर्गीकरण, मालकी

१. प्रस्तावना

ॲपल कंपनीने १० मे २०२२ रोजी आयपॉडच्या मालिकेचा शेवट जाहीर केला. आयपॉड टच हा अखेरचा नमुना साठा असेपर्यंतच विकला जाईल, असे कंपनीने कळवले. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जगासमोर आलेल्या या यंत्राचे आयुष्य अशा रीतीने साडेवीस वर्षांचे ठरले. त्याचा शेवट अनपेक्षित नव्हता. जे काम आयपॉड करीत होता ते प्रत्येकाच्या खिशातील फोन करू लागला होता, आणि एका खिशात दोन यंत्रे बाळगण्याचे कारण उरले नव्हते.

तथापि केवळ संगीतासाठी असलेले यंत्र नाहीसे झाले, असे म्हणता येत नाही. त्याचे अस्तित्व दोन टोकांना टिकून राहिले. एका टोकाला सोनी, फिओ, ॲस्टेल अँड केर्न यांसारख्या कंपन्यांचे प्लेअर आहेत. त्यांतील वरच्या श्रेणीच्या यंत्रांची किंमत चांगल्या फोनच्याही पुढे जाते आणि त्यांचा ग्राहक सूक्ष्म ध्वनिभेदांचा शोध घेणारा असतो. दुसऱ्या टोकाला भारतात सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये आणलेला 'कारवाँ' आहे. जुन्या रेडिओसारखे रूप असलेल्या या पेटीत ५००० गाणी आधीच भरलेली होती. पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. हा ग्राहक ध्वनिभेदांच्या मागे नसतो. त्याला कळ फिरवताच गाणे लागणे पुरते. एकाच जातीची ही दोन यंत्रे परस्परांपासून इतकी दूर आहेत की, त्यांना जोडणारा धागा कोणता, असा प्रश्न पडतो. फोन जवळ असतानाही दुसरे यंत्र घ्यावेसे वाटते, हाच तो धागा होय. त्या इच्छेमागे कोणती उणीव आहे आणि स्वतंत्र यंत्र ती खरोखर भरून काढते का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी रागसंगीताचे उदाहरण घेण्यास विशेष कारण आहे. तीन-चार मिनिटांचे गाणे कोणत्याही साधनावर बहुधा निभावून जाते. पाऊण तास चालणारा ख्याल मात्र साधनाची परीक्षा पाहतो. त्याला सलग वेळ लागतो, विलंबितानंतर द्रुत हा क्रम लागतो, राग, ताल, बंदिश, साथीदार अशी स्वतःची ओळख लागते. साधनात जे गृहीत धरलेले असते ते अशा प्रसंगी उघडे पडते.

२. साधनाचा पूर्वेतिहास

चालताफिरता संगीत ऐकण्याची प्रथा सोनीच्या वॉकमनपासून रूढ झाली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेल्या पहिल्या वॉकमनची एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्याला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या, आणि एक कळ दाबली असता संगीताचा आवाज कमी होऊन लहान मायक्रोफोनमधून शेजारच्या माणसाचे बोलणे कानी येई. एकट्याने ऐकण्याचे यंत्र बनवताना निर्मात्यांच्या मनात दुसरा श्रोता होता. पुढील नमुन्यांतून ही सोय गेली आणि एकांतश्रवण हेच या साधनाचे लक्षण ठरले. जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांनी १९८४ मध्ये वॉकमनवर लिहिलेल्या निबंधात आणि पुढे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल बुल यांनी शहरी श्रोत्यांच्या अभ्यासात या एकांताचा विचार केला आहे. गर्दीत वावरणारा माणूस कानातील संगीताच्या आधारे भोवतालच्या शहरावर स्वतःची सत्ता स्थापन करतो, असे त्या विवेचनाचे स्थूल सूत्र सांगता येईल.

आयपॉडने या सत्तेचा विस्तार केला. हजार गाणी खिशात, अशी त्याची ख्याती होती. हे माप कसे काढले गेले हे पाहणे उद्बोधक आहे. चार मिनिटांचे एक गाणे आणि सेकंदाला १६० किलोबिट हा दर धरल्यास एका गाण्याला सुमारे ४.८ मेगाबाइट जागा लागते. हजार गाण्यांनी पाच गिगाबाइटांची तबकडी भरते. हीच जागा पन्नास मिनिटांच्या ख्यालांत मोजली तर ती ऐंशी ख्यालांची होते. चार मिनिटांचे गाणे हे संगीताचे मूळ एकक होय, असे गृहीतक यंत्राच्या मोजमापातच होते. अर्थात भारतीय श्रोत्याला असे गृहीतक नवे नव्हते. १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे कोलकात्यात ध्वनिमुद्रित झाले तेव्हापासून तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवण्याची कला गायकांनी साधली होती. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या त्या कलेची साक्ष देतात. साधन संगीताला आकार देते, हा अनुभव येथे शतकभराचा आहे.

९ जानेवारी २००७ रोजी पहिला आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी त्याचे वर्णन तीन यंत्रांचे एक यंत्र असे केले. त्या तिहींतील पहिले नाव आयपॉडचेच होते. म्हणजे आरंभी फोनने म्युझिक प्लेअरला हटवले नाही, त्याला आपल्यात सामावून घेतले. पुढील नऊ वर्षांत चित्र पालटले. २०१६ च्या आयफोन ७ मधून हेडफोनची खाच काढून टाकण्यात आली. संगीत हे फोनच्या अनेक कामांपैकी एक होऊन बसल्याचे ते चिन्ह होते.

३. ध्वनिगुणवत्तेचा दावा

स्वतंत्र प्लेअरचा पुरस्कार करणाऱ्यांचा पहिला मुद्दा ध्वनिगुणवत्तेचा असतो. त्यात काही तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्तीही आहे. सीडीवरील ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट या मापाने साठवलेला असतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपने त्यातून पुन्हा उभी करता येतात. म्हणजे ही मर्यादा २२,००० कंपनांच्या आसपास येते, आणि मानवी कानाची कमाल मर्यादा तरुणपणीही २०,००० च्या जवळपास असते. महागडे प्लेअर याच्या चौपट नमुन्यांचा ध्वनी वाजवू शकतात. प्रश्न असा की, तो फरक ऐकू येतो का?

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या मापातून गाळून, असे दोन्ही ऐकवण्यात आले. ५५४ वेळा घेतलेल्या परीक्षेत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण इतकेच यश मिळाले असते. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात फरक ओळखण्याची अल्प पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखलपात्र क्षमता दिसून आली, आणि ती प्रशिक्षित श्रोत्यांत अधिक होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे म्हणावे लागते की, फरक असलाच तर तो इतका सूक्ष्म आहे की सामान्य श्रोत्याने त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे असे समर्थन त्यातून होत नाही. ज्याचा परिणाम निःसंशय ऐकू येतो तो घटक हेडफोन हा होय, आणि चांगला हेडफोन दोन्ही साधनांना लावता येतो. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा छोटा डॅकही आज सहज मिळतो. उलटपक्षी, स्वतंत्र प्लेअरला ब्लूटूथ हेडफोन जोडला की ध्वनी पुन्हा संकुचित होऊनच कानी येतो. मग आतील महाग विद्युतमंडल बहुतांशी निकामी ठरते.

रागसंगीताच्या श्रोत्यासाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. त्याच्या आवडीचे बरेचसे संगीत जुन्या तबकड्या, आकाशवाणीच्या फिती आणि खासगी मैफलींच्या कॅसेट यांवरून आलेले असते. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच्या तबकड्यांत वरची कंपने मुळातच उतरलेली नाहीत. अशा ध्वनिमुद्रणाला १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत साठवल्याने नसलेले स्वर निर्माण होत नाहीत. तेथे तबकडी किती स्वच्छ होती, ती योग्य गतीने फिरवली होती का, हेच निर्णायक ठरते. गती थोडी जरी चुकली तरी गायकाची पट्टी बदलते. हा दोष कोणताही प्लेअर दुरुस्त करीत नाही.

ध्वनीच्या संदर्भात एक निकष मात्र दोन्ही साधनांना सारखाच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे संयुक्त मानक मांडले. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. बसच्या वा लोकलच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणाऱ्या श्रोत्याचे कान महाग प्लेअर वाचवीत नाही.

४. अवधानाचा प्रश्न

दुसरा मुद्दा अधिक बळकट आहे. फोन हे दूरवरच्या माणसाला आपल्यापर्यंत पोहोचू देणारे यंत्र आहे. व्यत्यय आणणे हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. विलंबित ख्यालात समेकडे येण्याची उत्कंठा आवर्तनभर साठत जाते. अशा वेळी संदेशाचा टणत्कार झाला तर केवळ एक मात्रा हरवत नाही, ते सगळे आवर्तन वाया जाते. रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याचा अनुभव याहून बोलका आहे. फोनवरील तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज लावून बसावे आणि दूरध्वनी येताच तानपुराच थांबावा, हे आता नेहमीचे झाले आहे.

मानसशास्त्रातील काही प्रयोग या अनुभवाला दुजोरा देतात. कॅरी स्टोथार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखवले की, फोनवर सूचना आल्याचे केवळ कळले, फोन हाती घेतला नाही, तरी अवधान मागणाऱ्या कामात चुका वाढतात. २०१७ मधील एका गाजलेल्या प्रयोगाने याच्याही पुढे जाऊन, फोन नुसता जवळ असण्यानेच विचारशक्तीचा काही भाग गुंतून पडतो, असा दावा केला. पुढील काही प्रयोगांत मात्र हा दुसरा निष्कर्ष तसाच मिळाला नाही. म्हणून सूचनांमुळे होणारा अवधानभंग हा सिद्धांत म्हणून स्वीकारावा आणि फोनच्या नुसत्या सान्निध्याचा परिणाम हा वादविषय मानावा, हेच युक्त होय.

यावर सहज सुचणारे उत्तर असे की, फोन विमान-स्थितीत ठेवावा. मग तो आणि स्वतंत्र प्लेअर यांत काय भेद उरतो? तांत्रिक दृष्ट्या फारसा उरत नाही. व्यवहारात मात्र तो निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि दर वेळी त्याविरुद्ध काही तरी कारण उभे राहते. घरी आजारी माणूस असतो, महाविद्यालयातून परीक्षेच्या कामाचा निरोप यायचा असतो, बँकेचा सांकेतिक क्रमांक यायचा असतो. स्वतंत्र प्लेअर घेणे म्हणजे तोच निर्णय एकदाच घेऊन ठेवणे. फोन दुसऱ्या खोलीत चालू राहतो, आणि श्रोता जगापासून तुटल्याची रुखरुख न बाळगता ऐकू शकतो. या यंत्राचा खरा गुण त्याच्या मर्यादेत आहे.

पण मग या मर्यादेचे जतन स्वतः निर्माते तरी करतात का? सोनीसह अनेक कंपन्यांचे अलीकडील प्लेअर अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. त्यांवर संगीतसेवांची ॲप बसवता येतात, चित्रफिती पाहता येतात, पत्रव्यवहार करता येतो. दूरध्वनी वगळला तर तो एक फोनच होय. विक्री वाढावी म्हणून यंत्राला सर्व काही करता यावे, असा प्रयत्न होतो, आणि ज्या उणिवेसाठी ते घ्यायचे ती उणीवच नष्ट होते. याचा उलटा प्रवासही झाला आहे. सारेगामाने २०२२ मध्ये १५०० गाणी आधीच भरलेला 'कारवाँ मोबाइल' हा साधा फोन आणला. बोलणे आणि ऐकणे यांची सांगड घालूनही आंतरजालाचा कोलाहल दूर ठेवणे शक्य आहे, हे त्यातून दिसते. अवधान टिकवायचे तर यंत्राचे नाव काय आहे यापेक्षा ते कशाला नकार देते हे पाहावे लागते.

५. क्रम आणि वर्गीकरण

तिसरा मुद्दा चर्चेत क्वचितच येतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ध्वनिफीत वाजवणारे प्रत्येक यंत्र संगीताची एक वर्गवारी गृहीत धरते. एमपीथ्री फायलीला माहितीची चिठ्ठी जोडण्याची आयडीथ्री ही पद्धत १९९६ मध्ये निघाली. फायलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा, त्यात शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, वर्षाला चार, आणि संगीतप्रकारासाठी एक बाइट, अशी तिची रचना होती. प्रकार निवडण्यासाठी ८० नावांची यादी होती. रॉक, पॉप, जाझ यांचे अनेक पोटभेद तीत होते. ख्याल गाणाऱ्या कलावंताला तीत 'क्लासिकल' म्हणून पाश्चात्त्य अभिजात संगीताशेजारी किंवा 'एथनिक' या सरमिसळ कप्प्यात बसावे लागे. देवनागरीचे एक चिन्ह यूनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजल्या जातात. तीस बाइटांत 'राग मारुबिहाग' हे दोन शब्दही पूर्ण मावत नाहीत.

याच्या शेजारी अशोक दा. रानडे यांनी केलेला विचार ठेवला तर अंतर ध्यानात येते. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मांडताना रानडे यांची दृष्टी संगीताच्या हेतूवर, प्रयोगाच्या परिस्थितीवर आणि श्रोत्याच्या सहभागावर होती. ८० नावांच्या यादीची दृष्टी दुकानातील फळ्यांवर होती. एकाच गायकाचा ख्याल, अभंग आणि नाट्यपद 'कलाकार' या एका नावाखाली एकत्र येतात, आणि यदृच्छेने गाणी लावणारी कळ दाबली की मालकंसाच्या विलंबितानंतर त्याच रागाच्या द्रुताऐवजी एखादे नाट्यपद सुरू होते. हा दोष केवळ फोनचा म्हणता येत नाही. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या आयपॉड शफलला पडदाच नव्हता, आणि यदृच्छा हेच त्याचे आकर्षण म्हणून मिरवले गेले. क्रमभंगाची सवय स्वतंत्र प्लेअरनेच प्रथम लावली, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी मान्य करावयास हवे.

तरीही येथे एक भेद उरतो. १९९८ नंतरच्या आयडीथ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत यूनिकोड आणि दीर्घ मजकूर यांची सोय झाली. फ्लॅक या अक्षत स्वरूपाच्या फायलींत तर वापरकर्त्याला स्वतःची क्षेत्रे निर्माण करून त्यांत देवनागरी मजकूर भरता येतो. राग, ताल, तबल्याची साथ, मैफलीचे स्थळ, ही सर्व माहिती फायलीसोबत कायमची ठेवता येते. काही प्लेअर देवनागरी जोडाक्षरे नीट दाखवीत नाहीत, काही केवळ ठरावीक क्षेत्रेच दाखवतात. पण नाव देण्याचा अधिकार श्रोत्याकडे असतो. प्रवाही संगीतसेवेत तो नसतो. तेथे साथीदाराचे नाव गाळले गेले असेल, रागाचे नाव चुकले असेल, तर श्रोता ते दुरुस्त करू शकत नाही. आणि निवडलेले संगीत संपताच बहुतेक सेवा त्यासारखे वाटणारे दुसरे काही तरी आपणहून सुरू करतात. भैरवीनंतरची शांतता हाही मैफलीचा भाग असतो, हे गणिती सूत्राला ठाऊक नसते.

येथे मूळ प्रश्नाची मांडणीच सदोष असल्याचे दिसू लागते. स्वतःच्या फायली फोनवरही वाजवता येतात, आणि प्रवाही सेवा नव्या प्लेअरवरही चालतात. भेदाची खरी रेषा प्लेअर आणि फोन यांच्यामध्ये नाही. ती जवळ बाळगलेली फाइल आणि दूरवरून येणारा प्रवाह यांच्यामध्ये आहे.

६. मालकी, परवाना आणि मोबदला

प्रवाही सेवेचा ग्राहक संगीत विकत घेत नाही, त्याला ते ऐकण्याचा तात्पुरता परवाना मिळतो. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांच्यात परवान्याविषयी एकमत न झाल्याने अनेक लोकप्रिय हिंदी गाणी त्या सेवेवरून एकाएकी दिसेनाशी झाली. श्रोत्यांनी परिश्रमपूर्वक जुळवलेल्या याद्यांत रिकाम्या जागा राहिल्या. चित्रपटगीत अन्यत्र मिळते. एखाद्या विस्मृत गायकाची एकमेव ध्वनिफीत अशा रीतीने गेली तर तिचा शोध कोण घेणार? अर्थात 'कारवाँ'सारखे आधीच भरलेले यंत्रही या दृष्टीने पूर्ण मालकी देत नाही. त्यातील निवड कंपनीची असते. ते व्यत्यय टाळते, पण संग्राहकाचा अधिकार देत नाही.

मोबदल्याचा मुद्दाही दीर्घ संगीताच्या विरोधात जातो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. पन्नास मिनिटांचा बडा ख्याल अखेरपर्यंत ऐकला तरी मोजणी एकच होते, आणि तेवढ्याच वेळात चार मिनिटांची बारा गाणी बारा वेळा मोजली जातात. २०२४ पासून मागील बारा महिन्यांत एक हजार श्रवणे न झालेल्या ध्वनिफितीला त्या सेवेवर ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. मोजके पण निष्ठावान श्रोते असलेल्या संगीताला ही पद्धत प्रतिकूल आहे. तबकडीने गायकाला तीन मिनिटांत बसवले होते. मोजणीची ही पद्धत तेच काम अधिक अदृश्य रीतीने करू शकते.

७. स्मार्टफोनची बाजू

एवढ्यावरून फोनला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. संग्रह बाळगणे हे साधे काम नव्हे. त्यासाठी पैसा लागतो, काय जमवावे याचे ज्ञान लागते, आणि जाणकारांच्या वर्तुळात प्रवेश लागतो. मैफलींच्या फिती दीर्घकाळ मोजक्या संग्राहकांच्या कपाटांत होत्या आणि त्या ऐकायला मिळणे ओळखीवर अवलंबून असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर आंतरजालाचा दर झपाट्याने उतरला, आणि ज्या तालुक्याच्या गावी संगीतसभा होत नाही तेथील विद्यार्थ्यालाही केसरबाई केरकर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर ऐकता येऊ लागले. एकाच रागाची चार घराण्यांची मांडणी एका संध्याकाळी ऐकून तुलना करणे ही सोय पूर्वीच्या पिढीतील चांगल्या अभ्यासकालाही नव्हती. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त ज्या गायकीभेदांची चिकित्सा केली, ते भेद आज नवखा विद्यार्थी स्वतःच्या कानांनी पडताळू शकतो. श्रवणाचे हे लोकशाहीकरण फोनने केले आहे, आणि ते नाकारून स्वतंत्र प्लेअरचा गौरव करणे म्हणजे जुन्या कपाटाला पुन्हा कुलूप लावणे होय.

थिओडोर अडोर्नो यांनी १९३८ मध्ये श्रवणाच्या ऱ्हासाविषयी लिहिताना यंत्रयुगातील श्रोता तुकड्यातुकड्यांनी ऐकू लागल्याची तक्रार केली होती. ती वाचताना हे विसरता कामा नये की, प्रत्येक नव्या साधनाविषयी जुन्या श्रोत्याने अशीच तक्रार केली आहे. तक्रारीत तथ्य असते, पण नव्या साधनाने आत आणलेला श्रोता तिला दिसत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. ध्वनिगुणवत्तेसाठी स्वतंत्र प्लेअर घेण्याचे समर्थन बहुतेक श्रोत्यांच्या बाबतीत होत नाही. अवधानासाठी त्याचे समर्थन होते, पण ते यंत्र खरोखर मर्यादित असेल तरच. वर्गीकरण आणि मालकी यांबाबत निर्णायक भेद यंत्रात नसून फाइल आणि प्रवाह यांच्यात आहे. शोध, तुलना आणि प्रथम परिचय यांसाठी फोनला तोड नाही. पुन्हा पुन्हा, सलग आणि अभ्यासपूर्वक ऐकण्यासाठी मात्र स्वतःच्या संग्रहाला आणि व्यत्यय न आणणाऱ्या यंत्राला पर्याय नाही.

असे यंत्र विकतच घ्यावे लागते असेही नाही. बहुतेक घरांत वापरातून गेलेला एखादा जुना फोन खणात पडून असतो. त्याची बॅटरी सुस्थितीत असेल तर सिमकार्ड काढून, आंतरजालाची जोडणी बंद करून आणि संगीताच्या फायली भरून त्याचा उत्तम म्युझिक प्लेअर होतो. २५६ गिगाबाइटांच्या साठ्यात अक्षत स्वरूपातील संगीत सुमारे सातशे तास मावते. पन्नास मिनिटांच्या ख्यालांत मोजले तर ते आठशेच्या वर जातात.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून एक जबाबदारी निर्माण होते. संगीत विभाग आणि ग्रंथालये विद्यार्थ्यांना प्रवाही सेवांचे दुवे देऊन थांबली, तर दुवा तुटताच अभ्याससाहित्यही नाहीसे होईल. स्वामित्वहक्काच्या मर्यादा पाळून, विभागाकडे असलेल्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या आणि दान मिळालेल्या ध्वनिफिती अक्षत स्वरूपात उतरवणे, त्यांना राग, ताल, बंदिश, साथीदार, स्थळ व दिनांक यांची देवनागरीत नोंद जोडणे, आणि त्या निवांतपणे ऐकता येतील अशी दोन-चार यंत्रे ग्रंथालयात ठेवणे, हे काम खर्चाचे नाही. ज्या फितींवर आज केवळ वर्ष लिहिलेले आहे, त्यांवरील तबलजीचे नाव सांगू शकणारी माणसे अद्याप हयात आहेत. ही नोंद त्यांच्या हयातीतच व्हावयास हवी.